मोडलेल्या लग्नाची पत्रिका

पत्रिकेच्या नमुन्यात नवरदेवाच्या चुलत्यांचं नाव खाली गेलं, एवढ्यावरून माझ्या बहिणीचं लग्न मोडलं. मी तावातावानं सोलापुरातल्या त्या डीटीपीच्या दुकानात गेलो.

"पुसून टाका ती पत्रिका!"

तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे फाईल डिलीट केली.

"रिसायकल बिनमधूनपण काढा."

"ते महिन्यानं आपोआप रिकामं होतंय. मीच तसं लावलंय," त्या म्हणाल्या. "पत्रिका पुसायला माणसं रागातच येत्यात. राग उतरेस्तोवर राहू द्या की."

महिना संपायच्या आत मी ओशाळून पुन्हा त्याच दुकानात बाईंसमोरच्या स्टुलावर येऊन बसलो. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, बिनमधली पत्रिका परत जागेवर आणली आणि म्हणाल्या,

"चुलत्यांचं नाव वर घ्यायचं न्हवं?"