मडगार्डचा बाक

थॉर्नवेल मोटर्समध्ये महिन्याला जेमतेम तीन गाड्या तयार होत. घेणारे उमराव, बनवणारे चाळीस जण. पण पुढच्या मडगार्डचा तो लांब, पाण्यासारखा उतरत जाणारा बाक त्या चाळिसांत फक्त सिरिल टॅपस्कॉटला जमे. म्हाताऱ्या थॉर्नवेलसाहेबांनी एकतीस साली तो खडूने भिंतीवर काढून दाखवला होता. पुढे ती भिंत पाडली, म्हातारेही गेले. कागदावर काही उतरलंच नव्हतं. आकार उरला तो सिरिलच्या हातांत, आणि त्या हातांपायी सिरिल अडकला.

त्याच्या बायकोची, हेस्टरची, बहीण कॅनडात असे. तिच्या नवऱ्याचा नावा बांधायचा धंदा होता. 'या, दोघंही या' अशी पत्रं लढाई संपल्यापासून येत होती. हेस्टरचा जीव तिकडे लागलेला. सिरिलही तयार होता. तीनदा तो राजीनामा घेऊन धाकट्या थॉर्नवेलसाहेबांकडे गेला.

साहेब दर वेळी खुर्ची पुढे करत. "टॅपस्कॉट, तुम्ही गेलात तर मी चाळीस घरांना काय सांगू?"

त्या चाळीस घरांत सिरिलच्या भावाचंही घर होतं. कागद खिशात परत जाई.

"काय म्हणाले?" हेस्टर ओरडून विचारी. पत्रा ठोकून ठोकून त्याचे कान गेले होते.

"एवढी ऑर्डर होऊ दे म्हणाले."

"मागच्या खेपेला पण हीच ऑर्डर होती ना रे?"

छप्पन साली त्याने मनाशी ठरवलं, की आकारच हातांतून काढून ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीत सँडविच एका हाताने खात तो लाकडी साचे तासू लागला. त्यांवर पत्रा धरला की कुणालाही मडगार्ड ठोकता यावं. दीड वर्ष लागलं. शेवटचा साचा झाला तेव्हा त्याने ते सगळे साहेबांसमोर ओळीने मांडले. म्हणाला, "आता माझ्यावाचून अडणार नाही."

साहेबांनी साच्यांवरून हात फिरवला. डोळे भरून आले त्यांचे. "टॅपस्कॉट, आता महिन्याला सहा गाड्या! नवं मॉडेलही काढू. त्याचा बाक तुम्हीच ठरवायचा. तुमच्याशिवाय आहे कोण?"

हात दाखवून अवलक्षण झालं. सिरिल उभाच राहिला. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते "बरं, साहेब."

त्या दिवशी हेस्टरने काहीच विचारलं नाही. त्याचा चेहरा पाहून ती हसली, आणि तिचं ते हसू त्याला फार लागलं. मे महिन्यात ती एकटीच बोटीत बसली. "तीन महिन्यांनी येते," म्हणाली. आली नाही. पत्रं मात्र यायची, हवापाण्याची. हाही कळवी, नव्या मॉडेलचा बाक जुन्याहून अवघड आहे म्हणून. दर वसंतात तो प्रवासाची पेटी पुसून ठेवी आणि सकाळचा भोंगा झाला की कामावर जाई.

नऊ वर्षांनी कारखाना एका मोठ्या कंपनीने घेतला आणि चार महिन्यांत बंद केला. साचे रचून ठेवले होते, तिथे नव्या कंपनीचा माणूस थबकला. "ही लाकडं कसली हो?"

"जळणाची," सिरिल म्हणाला.

घरी येऊन त्याने लिहिलं, 'मी मोकळा झालो. येऊ?'

उत्तर आलं: 'कारखाना बंद पडला म्हणून येणार असशील तर खरं सांग. तो चालू असता तर आला असतास?'

तीन आठवडे तो कागद पुढ्यात घेऊन बसे. खोटं लिहिणं सोपं होतं, एका शब्दाचं काम. अखेर त्याने लिहिलं, 'नसतो आलो. मला त्या माणसाला नाही म्हणता आलं नाही. तुला नाही म्हणत राहिलो, कारण तू ऐकून घेत होतीस.'

महिनाभराने तिचं उत्तर आलं. चारच ओळी होत्या. सबंध आयुष्यात तू पहिल्यांदा सरळ बोललास, असं त्यात होतं. इथे थंडी फार आहे, लोकरीचे मोजे आण, आणि ऑक्टोबरच्या आत ये.

बासष्टाव्या वर्षी सिरिल टॅपस्कॉट बोटीत चढला.