चारचे टोले आणि भावजींचं कडवं

आमच्या भावजींना गल्लीत सगळे ‘खांब’ म्हणतात. ताईसमोर कुणी म्हणत नाही, पण तिला ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षं ते मोठ्या सरकारी इमारतीच्या फाटकावर मानाचा पहारा देतात. हलायचं नाही, हसायचं नाही, नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. एकदा मी समोर उभी राहून चांगली दहा मिनिटं वेडावून दाखवलं. पठ्ठ्या ढिम्म. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, “तुझी खालची दाढ किडलीय. दाखवून घे.”

नोव्हेंबर सरला की हेच पहारेकरी वाद्यं बाहेर काढतात. फाटकामागच्या सभागृहात त्यांचा नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रम असतो. भावजी ट्रम्पेट वाजवतात, मागच्या रांगेत, चारचौघांत मिसळून. एकट्याने वाजवायची पाळी कधी आली नाही आणि मागून घ्यायचा स्वभाव नाही. यंदा निवृत्तीचं वर्ष, म्हणून बँडमास्तरांनी मधल्या एका गाण्याचं अख्खं कडवं त्यांना दिलं. माणूस हरखून गेला. महिनाभर स्वयंपाकघरात सराव चालला. “अहो, कुकरची शिट्टी तरी ऐकू द्या,” असं ताई म्हणायची खरी, पण चुकू नये म्हणून त्यांच्यापेक्षा तिचाच जीव टांगणीला लागला होता.

सराव सकाळचे, कार्यक्रम यंदा पहिल्यांदाच दुपारी तीनचा. चारच्या टोल्यांचा विचार कुणीच केला नव्हता. भावजींनी कडवं उचललं आणि सूर असा लागला की ताईने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात बाहेर मनोऱ्यावर चार वाजले.

चार म्हणजे पाळी बदलायची वेळ, ठरलेली पावलं चालत जाऊन ताबा द्यायच्या जागी उभं राहायचं. अठ्ठावीस वर्षं मुरलेले पाय ते. उजवीकडे वळले आणि निघाले. व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून, मधल्या वाटेने, टाचा आपटत. संचलनात चालत वाजवायची सवय, त्यामुळे कडवं अजिबात हललं नाही. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. बँडमास्तरांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता.

ठरलेली पावलं भरली तसे पाय आमच्या रांगेपाशी थांबले. कडवं संपलं, टाळ्या पडल्या आणि तेव्हा कुठे भावजी भानावर आले. कान लालबुंद, पण जागचे हलेनात. पहाऱ्याचा नियमच तसा, पुढचा गडी येऊन “ताबा घेतला” म्हणेपर्यंत ती जागा सोडायची नाही. आता इथे पुढचा गडी कुठून यायचा?

ताई उठली. पर्स माझ्या मांडीवर टाकून त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली.

“ताबा घेतला,” ती हळूच म्हणाली. “बसा आता.”

“चुकलं का गं?”

“कडवं बरोबर आलं. पायांचं घरी बघू.”

मी माझी खुर्ची त्यांना दिली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? दरवर्षी ताई खाली आणि ते वर. उरलेली गाणी दोघांनी पहिल्यांदाच शेजारी बसून ऐकली.