सरांची नोंदवही आणि मी दिलेला दिवा

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आयुष्यभर नोकरीही तशीच मिळाली. केंद्र सरकारच्या वायरलेस खात्यात, चेन्नईत, रेडिओच्या लहरींमध्ये कोण लुडबुड करतंय ते शोधायचं. विमानतळाच्या बोलण्यात खरखर येते, पोलिसांचे वॉकी-टॉकी बिघडतात, की आम्ही गाडीवर अँटेना लावून निघालोच. कधी कुणाचं वेल्डिंगचं मशीन सापडायचं, कधी कुणीतरी गच्चीवर चोरून लावलेला मोबाइलचा बूस्टर. "आमच्या घरातून काहीच निघत नाही मॅडम" असं म्हणणाऱ्यांच्या घरातूनच नेमकं निघायचं. मी त्यांना फार फैलावर घेत असे.

निवृत्त झाल्यावर घरी बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून मैलापुरातल्या एका छोट्या संस्थेत जायला लागले. वाद्यांच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. रेडिओपासून क्ष-किरणांपर्यंतचा सगळा विद्युतचुंबकीय वर्णपट लोकांना कळावा, त्यावर थोडंफार संशोधन व्हावं, एवढ्यासाठी काही निवृत्त मंडळींनी ती चालवलेली. नफा हा शब्द तिथे कुणी उच्चारत नाही, ते पंख्यांकडे बघूनच कळतं. शनिवारी शाळेतल्या मुलांचे वर्ग मी घेते.

तिथे सर भेटले. भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक, तंजावरकडच्या मराठी घरातले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आमची पहिली ओळख भांडणानेच झाली. ते म्हणाले, "तुमची मराठी अर्धी हिंदी आहे, बाई." मी म्हटलं, "आणि तुमच्या मराठीने तमिळ धोतर, वेष्टी, नेसली आहे, सर." ते इतके हसले, की तोंडातली कॉफी सदऱ्यावर सांडली. तेव्हापासून आमचं चांगलं जमलं.

सरांचं स्वतःचं असं एकच काम होतं. गच्चीवर एक अँटेना, खाली टेबलावर जुना रिसीव्हर. जिथे एकही स्टेशन लागत नाही अशा रिकाम्या जागी तो लावून ठेवलेला. रोज संध्याकाळी साडेसहाला सर त्याच्या काट्याकडे बघायचे आणि आकडा नोंदवहीत लिहायचे. स्टेशन नसतानाही काटा जितका वर, तितका शहराचा रेडिओ-गोंगाट जास्त. वेळ बदलायची नाही, नाहीतर कालचा आकडा आजच्याशी ताडून कसा बघणार? सहा वर्षं त्यांनी हे नेमाने केलं. रविवारीसुद्धा. मी त्यांना म्हणायची, "देवळात तरी इतक्या नेमाने जाता का?"

गेल्या वर्षी काटा एकदम वर गेला आणि वरच राहिला. सर हुरळून गेले. त्याच सुमारास आमच्या रस्त्यावरचे दिवे बदलले होते. दोष त्या दिव्यांचा, असं त्यांनी ठरवलं आणि वर्षभराच्या आकड्यांचा तक्ता जोडून महापालिकेला द्यायचं निवेदन तयार केलं. संस्थेच्या वार्षिक सभेत ते मंजूर करून घ्यायचं होतं. "वर्गात नुसतं दुसऱ्यांनी शोधलेलंच शिकवत आलो, बाई. एक तरी गोष्ट माझी असू दे," असं म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. मी आकडे चाळले आणि खाली लिहिलं, 'तपासले, बरोबर आहे.' सही ठोकली. माझ्या सहीला तिथे वजन होतं.

सभेच्या आठवड्यात सरांना ताप आला. दोन दिवस आकडा मी घेतला. काटा पार खाली, एकदम जुन्या जागेवर! मला वाटलं, रिसीव्हरने राम म्हटला. अँटेनाची वायर हलवून पाहिली, सगळं ठाकठीक. तिसऱ्या दिवशी सर मफलर गुंडाळून आले. एरवी ते आधी दिवा लावायचे आणि मग रिसीव्हर; आज रिसीव्हर मी आधीच चालू केला होता. सर खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि सवयीने हात लांब करून टेबलावरच्या दिव्याचं बटण दाबलं. काटा टुणकन वर गेला.

तो दिवा मी दिला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सरांना तिन्हीसांजेला काट्यावरचे आकडे दिसत नव्हते, नाक लावून बघायचे. मला बघवेना, म्हणून फुटपाथवरून एक एलईडीचा दिवा उचलून आणला. असल्या स्वस्त दिव्यांमधून काय वाट्टेल ती खरखर बाहेर पडते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? आणि मी तो नेमका रिसीव्हरशेजारी ठेवला! सर तो फक्त आकडा घेण्यापुरता लावायचे. म्हणजे गोंगाट शहरात वाढला नव्हता, मोजायच्या मिनिटापुरता टेबलावर वाढत होता. मी आकडा घेतला तेव्हा काटा खाली होता, कारण मला तर दिवा लागतच नाही.

मी दोन दिवस गप्प बसले. सरांचं वर्ष मातीत जाणार, हे कारण मी स्वतःला सांगत होते. दुसरं कारण माझी सही. शेवटी सभेच्या आदल्या दिवशी सरांना टेबलापाशी नेलं आणि दिवा लावला, विझवला, परत लावला. काटा वर, खाली, वर. सरांनी पाचव्या खेपेला माझा हात धरला. "सरी, सरी," तमिळमध्ये बरं बरं म्हणत ते म्हणाले, "कळलं." मग नोंदवही उघडली, पट्टी घेतली आणि दिवा आणल्याच्या दिवसापासून एकेका पानावर तिरकी रेघ मारत बसले. मी म्हटलं, "सर, चूक माझी आहे, उद्या मी सांगते." त्यांनी पुढचं पान उलटलं.

सभेला तीसेक माणसं होती. शनिवारच्या वर्गातली मुलं मागे बसलेली. सर उभे राहिले, निवेदन मागे घेतो म्हणाले आणि रिसीव्हर लावून दिव्याचा प्रयोग सगळ्यांना करून दाखवला. मुलं खिदळली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ इंग्रजीत म्हणाले, "पण रिसीव्हरशेजारी असा दिवा ठेवला कुणी?"

मी खुर्चीच्या दांड्याला हात लावला होता. उठणारच होते, देवाशपथ.

"मी ठेवला," सर म्हणाले. "दिसत नव्हतं म्हणून मीच विकत आणला. बाईंनी फक्त आकडे तपासले, दिव्याचं त्यांना ठाऊक नव्हतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या वयाच्या माणसाने चूक कबूल केली म्हणून. आणि मी दांड्यावरचा हात काढून घेतला आणि मीही टाळ्या वाजवल्या.

जिन्यात मी सरांना गाठलं आणि त्यांच्यावरच तडकले. "खोटं कशाला बोललात? मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ते कठड्याला धरून एकेक पायरी चाचपत उतरत होते. म्हणाले, "मुलं बसली होती ना मागे. शिकवता तुम्ही त्यांना. माझं शिकवणं झालं." मग खाली पोचल्यावर ऑटोला हात केला, घासाघीस केली आणि गेले.

मी तिथेच उभी राहिले. त्यांच्यावर ओरडले खरी, पण सभेत त्यांनी "मी ठेवला" म्हटलं, त्या क्षणी मला काय वाटलं होतं ते मलाच ठाऊक. हायसं वाटलं होतं.