माळवदावर यंदाचा थर

आष्टीत दैवशालाला दैवशाला म्हणून हाक मारणारं कुणी नाही. ती किल्लारीवाली. तिचं माहेर तसं किल्लारीच्या शेजारचं बारकं खेडं; पण त्र्याण्णवच्या भूकंपात जे जे गेलं ते सगळं लोकांनी किल्लारीच्या नावावर टाकलं, त्यात तिचं गावही गेलं. गणपती बुडवून माणसं निजली होती अन् उजाडायच्या आत जमीन हलली. पोरवयाची दैवशाला दोन खांबांच्या बेचक्यात जिवंत सापडली. माय, बाप, पाळण्यातला भाऊ वरच्या मातीखाली गेले. मामानं वाढवली अन् आष्टीच्या हरिओमला दिली. "बिनमाहेराची हाय, भांडायला कुणी यायचं न्हाई," असं सासू द्वारकाबाई सोयरीक जुळवतानाच म्हणाल्या होत्या. त्यांचा अंदाज बराबर निघाला.

ज्या घरात आली ते घर माळवदाचं. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब, वर तुळया, तुळयांवर फळ्या अन् फळ्यांवर पांढरी माती. पावसाच्या आधी तिच्यावर नवा थर चोपायचा, म्हणजे गळत नाही. जुना थर कुणी उतरवत नाही. आज्यानं टाकला त्यावर बापानं, बापानं टाकला त्यावर लेकानं. घरच्यांना त्याखाली थंडावा लागतो. दैवशालाला ओझं दिसतं. लग्न झाल्यापासून ती आत निजलेली नाही. उन्हाळ्यात अंगणात, पावसात चुलीपुढच्या पत्र्याखाली. नवरा शहागडला हायवेवर टायरच्या दुकानात. महिन्यातून दोनदा येतो अन् आला तरी "दादा म्हणल तसं" एवढंच बोलतो. दादा म्हणजे थोरले काकासाहेब, घराचे कारभारी.

तिचा जीव अडकलेला होता तो लेकीत. अर्पिता दहावीला. द्वारकाबाईंचे गुडघे गेलेले, रातीबेराती त्यांना उठवायला कुणीतरी लागतं, म्हणून ती मधल्या खोलीत आजीजवळ निजायची. बरोबर तुळईखाली.

यंदा उन्हाळ्यात काकासाहेबांनी मातीची ट्रॉली सांगितली. मोठ्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही ही घराची रीत. मंग दैवशाला दाराआडून लेकीला सांगायची अन् काकासाहेब उत्तरही लेकीलाच द्यायचे.

"अर्पे, सांग त्यान्ला. जुनी माती उतरवा अन् वर पत्रे टाका."

"तुझ्या मायला म्हणावं, पत्र्याखाली माणसं भाजत्यात. अन् खर्चा कोण करल, तिचा मामा?"

"भाजलेलं माणूस उठून पाणी पितंय म्हणावं. दाबलेलं उठत न्हाई."

काकासाहेब हसले. "अगं, किल्लारी कुठं, आष्टी कुठं! हितं खाली निब्बर काळा पाषाण हाय. बोअर मारताना मशीनवाला रडला व्हता. असला पाषाण हलतो व्हय?"

आता अर्पिताला राहवेना. "मोठे बाबा, किल्लारीखाली बी ह्योच पाषाण व्हता. ह्यो सगळा लाव्हा. जमिनीच्या भेगांतून वर आला, थरावर थर पसरला अन् थंड झाला."

"मंग ज्वालामुखी कुठाय? दाव मला."

"त्याला विझून कोट्यवधी वर्सं झाली. पण आपण ज्या भूपट्टावर बसलोत त्यो अजून चालून राह्यला. सगळा भारत घेऊन वर्साला तीन बोटं उत्तरंला सरकतो. म्होरं दुसरा भूपट्ट आडवा हाय. दोघांच्या रेट्यात हिमालय उचलला. त्यो रेटा हितपर्यंत लागतो. पट्टाच्या आत जुन्या भेगा हायत, तिथं ताण साठतो अन् कव्हातरी सुटतो. भूकंप जास्ती करून पट्टाच्या कडंला व्हत्यात, मधी क्वचित. पण व्हत्यात."

"म्हंजी हिमालयाच्या भावकीत भांडण अन् भांडी आष्टीची फुटायची!"

ट्रॉली घेऊन आलेला ट्रॅक्टरवाला सुद्धा हसला. आतून बाजेवरून द्वारकाबाई म्हणाल्या, "लेकीला बी मायचं याड लागलं."

माती पडली. पाट्या वाहायला घरच्या बायाच लागतात. दैवशालानं पदर खोचला अन् पाट्या वाहिल्या. लहानपणी मायच्या मागं बारकी टोपली डोक्यावर घेऊन तिनं हेच केलं होतं, हौसेनं.

आषाढात एका सकाळी हिंगोलीकडं जमीन हलली अन् हिसका आष्टीपर्यंत आला. मांडणीवरची ताटं वाजली. खालून गुरगुर आली, जड गाडी घराखालून गेल्यागत. काकासाहेब अर्ध्या दाढीचा साबण घेऊन सगळ्यांच्या आधी अंगणात. चुलीपुढून दैवशाला बाहेर आली, अन् बघते तर अर्पिता नाही.

पोरगी आत होती. आजीच्या काखेत हात घालून उचलत होती, अन् म्हातारीनं भ्यानं बाजेचा खूर धरून ठेवला होता. "मला सोडू नको गं, मला सोडू नको!"

दैवशाला उंबऱ्यापर्यंत पळाली. आत पाऊल पडेना. वरून माती भुरूभुरू पडत होती अन् ती बघत उभी होती. मंग सगळं थांबलं. आपोआप.

काकासाहेबांनी तोंड पुसलं. "पाह्यलं का? कायी झालं? बुजुर्गांचं काम हाय, बिलकुल हललं न्हाई."

तेव्हा दैवशाला रीत विसरली. "भाऊजी, ह्यो लहान व्हता म्हणून वाचलो. मोठा असता तं माझी पोरगी आत व्हती."

आतून द्वारकाबाईंचा आवाज आला, "भासऱ्याला तोंड वर करून बोलती! ह्योच दिवस बघायचा राह्यला व्हता!" अन् त्या दिवसापासून घरात बोलणं झालं ते तिच्या तोंडाचं. माळवदाचं कुणी काढलंच नाही.

निघालं ते पुढची झड लागली तेव्हा. तुळईच्या वर भेग पडली होती अन् धार लागली. उघाड मिळताच काकासाहेबांनी अजून एक ट्रॉली सांगितली. भेग बुजवायला.

दैवशाला सासूपुढं जाऊन बसली नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "आत्याबाई, पाया पडते. बाज बाहेर घेऊ. पत्र्याखाली निजा."

"गुरावानी? मी ह्या घरात हळदीच्या पायानं आले, हितूनच जाईन."

दैवशालानं अर्पिताला हाक मारली. "दप्तर घे, वाकळ घे. आजपसून पत्र्याखाली अभ्यास अन् तिथंच निजायचं."

"अन् आजीला कोण उठवल?"

"मी."

"मम्मी, तुला जमल?"

"जा म्हणते ना जल्दी."

पोरगी बाहेर गेली. दैवशालानं आपली वाकळ काखेला मारली, चौकटीला हात लावला अन् आत आली. बाजेशेजारी अंथरली. द्वारकाबाईंचा चेहरा उजळला.

"आली का शेवटी माणसात! मी म्हणतच व्हते, घरात निजलं की भ्या जातंय."

वर काकासाहेबांच्या गड्यांनी ओली माती चोपायला सुरुवात केली होती. दर दणक्याला फळ्यांच्या फटीतून जुनी धूळ म्हातारीच्या तोंडावर गळत होती. दैवशालानं पदर लांबवून सासूचे डोळे झाकले. आपले उघडेच ठेवले.