भरलेली पळी

अंघोळीच्या बादलीत ती आधी आपलं कोपर बुडवायची. मग वर बघून सांगायची, "पानी तपेल शे, पन रागमा नही." त्यानंतरच म्हाताऱ्या अंगावर पहिला तांब्या पडायचा.

लोणखेड्याजवळच्या वृद्धाश्रमात मी व्यवस्थापक, ती मावशी. धडगावकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. घरी पावरी बोलायची, आमच्याशी अहिराणी, आणि मीटिंगमध्ये गप्प. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती असेपर्यंत सगळं आपोआप चालतं असंच आपल्याला वाटतं.

तापीकाठच्या एक आजी होत्या, भारी खट. अंघोळीला त्यांना हीच हवी. दुसरी कुणी आली की पदर घट्ट धरून भिंतीकडे तोंड करत. हिच्यापुढे मात्र पाठ मोकळी करून सुनेची गाऱ्हाणी सांगत बसत. "माय, तू बोल, मी घासस," ही म्हणायची.

एकदा स्वयंपाकीण रजेवर होती, म्हणून ही वाढायला उभी राहिली. आजींनी ताट सारलं.

"हाई वाढी ते मी जेवाव नही."

आदिवासी बाईच्या हातचं नको, एवढंच कारण. पाठ चोळलेली चालत होती. मी आजींना तिथल्या तिथे सुनावायला हवं होतं. पण कटकट नको म्हणून मी कामाचा तक्ताच बदलला. अंघोळी, डायपर, चादरी तिच्याकडे, ताटं दुसऱ्यांकडे. "तुझा हात अंघोळीला छान बसलाय गं," असं वर गोड बोलले. "चालस मॅडम," ती म्हणाली. तेव्हा मला हायसं वाटलं. त्याचीच आज लाज वाटते.

पुढे संस्था बघायला पाहुणे आले. आमच्याकडे भेदभाव नाही, हे दाखवायचं होतं. मीच तिला न्हाणीघरातून बोलावलं, हातात वरणाची पळी दिली. फोटो निघाला. ती भरलेली पळी घेऊन पहिल्या ताटाकडे वळली. ते नेमकं आजींचं होतं. मी घाईने पळी काढून घेतली आणि वरण परत पातेल्यात ओतलं.

"फोटोमा चालस का मॅडम?" तिनं हळूच विचारलं.

मी म्हणाले, "अगं, चादरी वाळत घालायच्या राहिल्यात ना?"

नंतरही कितीतरी दिवस ती आजींना अंघोळ घालत राहिली, आधी कोपर बुडवून. मग होळीला गावी गेली ती आलीच नाही. मी फोन केला नाही. कुठल्या तोंडानं करणार होते?

आजी आता नव्या बाईवर खेकसतात. "ती कोठे गयी?" मला विचारतात. मी म्हणते, गावी. माझ्यामुळे गेली, हे अजून तोंडातून निघत नाही.

तो फोटो माझ्या खुर्चीमागे आहे. येणारे कौतुक करतात. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, समोरच्या ताटाकडे बघते आहे. हातातली पळी अजून भरलेली आहे.