कमरेचा पट्टा

दुकानात तान्ह्या बाळाला अंगावर बांधायचे दोन पट्टे टांगले होते. एक स्वस्त, दुसरा तिप्पट महाग. सूनबाई महागड्याला हात लावायची आणि परत स्वस्ताकडे वळायची. बाळंतपणापासून तिची कमर धरते, पण सांगणार नाही.

"बाबा, हाच घेऊ. चालेल," ती म्हणाली.

"तो चालेल गं, तू चालायची नाहीस."

मी चौथीतून शाळा सोडली आणि चाळीस वर्षं बाजारात पोती वाहिली. मला पाटीवरचं वाचायला वेळ लागतो, पण ओझ्यातलं कुणी शिकवू नये. स्वस्ताचा सगळा भार खांद्यावर. महागड्याला खाली कमरेला आवळायचा रुंद पट्टा होता. आम्ही हमाल कमरेला पंचा आवळायचो, तो अगदी तसाच. खांदा ओझं नुसतं धरतो, पेलते ती कमर. हे ज्यानं शिवलं त्याला कुणातरी हमालानंच सांगितलं असणार.

मी तो महागडा स्वतःच्याच कमरेला आवळला आणि सूनबाईच्या कडेवरच्या नातीला छातीशी बसवलं.

दुकानदार हसला. "आजोबा, झेपेल का?"

"शंभर किलो झेपलंय. ही सहाची आहे."

ती माझ्या सदऱ्यावर लाळ गाळत झोपली. जन्मभर दुसऱ्याचा गूळ वाहिला, दुसऱ्याचा कांदा वाहिला. स्वतःची पोरं वाहिली ती बायकोनं.

पैसे मीच दिले. बाहेर आल्यावर सूनबाईनं हात पुढे केले. "द्या आता, दमाल."

"घरापर्यंत मागू नकोस," मी म्हटलं. "हा माल आपला आहे."