बिस्किटाच्या डब्यातल्या दहा टोप्या

आमच्याकडे कार्यक्रम संपला की मांडववाला खुर्च्या नेतो, पाहुणे डबे भरून समोसे नेतात, आणि आमच्या वाट्याला राहतात किस्से! माझ्याकडे तर एवढे साठलेत की आता डोक्यात 'स्टोरेज फुल' असा मेसेज येतो. म्हणून थोडे इथं रिकामे करते.

आधीच सांगते, मधेमधे प्रश्न नकोत. आम्ही बेने इस्रायल. म्हंजे ज्यू. पारशी नाही, ख्रिश्चन नाही, आणि हो, मराठी छान येतं, कारण दुसरं काही धड येतच नाही! लोणावळ्यात आणि आसपास मिळून आमचे पुरुष नऊ. आणि मोठ्या प्रार्थनेला लागतात दहा, तेरा वर्षांच्या वरचे. नऊ चालत नाहीत. नऊ पुरुष आणि पन्नास बायका पण चालत नाहीत.

मी सोळाची आहे. मला धरत नाहीत. पुढे चला.

* * *

हे सगळं सांभाळतो सॅमसन काका. रेल्वेतून रिटायर झालाय, पण शिट्टी अजून तोंडातच आहे. आमच्यात माणसं बोटानं मोजत नाहीत, चांगलं नसतं म्हणे. मग काकानं सिस्टिम काढली. प्रार्थनेत डोकं झाकलेलं लागतं, म्हणून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बरोब्बर दहा टोप्या. आपल्या प्रत्येक पुरुषानं दारातून आत येताना एक उचलायची. डबा रिकामा झाला की दहा झाले, प्रार्थना सुरू! बाहेरच्या पाहुण्यांनी आपापले रुमाल बांधायचे.

भाजे गावाहून लक्ष्मण भाऊ येतात, आमच्याकडे दूध घालतात ते. त्यांना पण काकानं रुमाल पुढे केला, तर म्हणाले, "टोपी हाय की माझ्या डोस्क्यावर! आनि दहावा कमी पडतुया तर मला धरा. मी बी गप उबा ऱ्हातो."

"तसं चालत नाही, भाऊ."

"मंग ही पोरगी हाय की!"

"तसंही चालत नाही."

भाऊ माझ्याकडं बघून म्हणाले, "तुज्या काकाला मानसं नकूत बग, अडचन पायजेल!"

* * *

मुलगी बाराची झाली की ती पण मोठी होते, बात मिट्झवा म्हणतात. मी हिब्रूचं पानभर पाठ केलं होतं. काकाला विचारलं, "मी कधी म्हणू?"

"समोसे आणि केकच्या मधे एक गॅप आहे. तिथं म्हण."

मी म्हटलं. सगळं म्हटलं, एक पण अक्षर न चुकता. आजही कोणी नातेवाईक भेटला की माझा गाल ओढून काय म्हणतो? "डायना, तुझ्या वेळेला समोसे गार झाले होते, नाही का गं?"

* * *

आता मलिद्याचा किस्सा. कुठलंही शुभकार्य असलं की आम्ही मलिदा करतो. भिजवलेले गोड पोहे, नारळ, वेलची, वर फळं. एलियाहू हनाबी, म्हंजे आमचे नबी, देवाचे प्रेषित, यांच्या नावानं. माझी आजी म्हणते, नबी येऊन गेले की मलिद्यात खळगा पडतो. सत्तर वर्षं ती ताटात डोकावतेय. एकदा पण पडला नाही.

मला दया आली. मी बोटं दाबून मस्त खळगा पाडला.

आजीनं ओढणी सावरली, डोळे पुसले, सगळ्यांना हाका मारल्या. काकानं तर चपला काढल्या. मग आजी चष्मा लावून ताटावर वाकली. बराच वेळ वाकून राहिली. आणि शांतपणे म्हणाली, "डायना, नबींनी जांभळं नेलपॉलिश कधीपासून लावायला घेतलं गं?"

* * *

मागच्या वर्षी माझ्या वारलेल्या आजोबांच्या नावाची प्रार्थना होती. दहावा नव्हताच. पप्पा स्कूटर घेऊन थेट किल्ल्याच्या पायथ्याला, लोहगडवाडीला गेले. शनिवार-रविवारी तिथं जगातला कुठलाही माणूस सापडतो. टपरीवर एक दाढीवाला इस्रायली पिठलं-भाकरी खात बसलेला. पप्पांनी त्याला भाकरीसकट उचलून आणला!

हा खरंच ज्यू आहे का, म्हणून काकानं त्याची परीक्षाच सुरू केली. आईचं नाव काय, प्रार्थना कुठली येते? तो बिचारा हाफपँटमधे उभा. म्हणाला, त्याला एक पण प्रार्थना येत नाही, जन्मात केली नाही.

आजीनं विचारलं, "उभं राहता येतं का त्याला?"

"हो."

"मग बस! घाल टोपी."

मला सगळ्या येतात. मी पाणी वाटत होते.

* * *

आणि मग आला बेनी. माझा भाऊ. ह्या साली तेरा पूर्ण. तेरा झाल्यावर मुलानं सगळ्यांसमोर तोरा, म्हंजे आमची धर्माची पोथी, वाचायची, बार मिट्झवा! पण वाचायला दहा हवेत. आमचे नऊ, बेनी दहावा. एक जण जरी कमी पडला तर वाचन रद्द, आणि पुण्याहून आणलेली तोरा दुपारी परत. घरात सगळ्यांचं बीपी वाढलेलं.

बेनीला शिकवायला ठाण्याचे गुरुजी व्हॉइस नोट पाठवायचे. आठ महिने हा पोरगा कानात इयरफोन घालून तेच. एक दिवस मी नीट ऐकलं. दुसऱ्या ओळीनंतर हा खोकतो. रोज. तिथंच!

"तुला सर्दी झालीय का?"

"नाही. गुरुजी खोकतात ना तिथं."

खोकला पाठ केला होता ह्यानं! सूर लावून! मी म्हटलं, काढ तो. काढला, तर पुढची ओळच आठवेना. मग राहू दिला. आठ महिन्यांत त्याला येईना ते मला भांडी घासताना पाठ झालं.

* * *

शेवटी तो दिवस उजाडला. तोरा गाडीत पुढच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. मी मागे, समोशांचं पातेलं मांडीवर.

हॉलच्या दारात काकानं डबा माझ्या हातात दिला आणि स्वतःची टोपी घेऊन आत पळाला. आता मला सांगा, माझ्या हातात डबा कोणी देतं का? मी एक टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि वरून ओढणी घेतली. प्लॅन साधा होता. काका दहावी टोपी शोधत घामाघूम होणार, मग मी ओढणी काढून भॉक करणार!

पण काका आला, डबा बघितला. रिकामा. "दहा झाले! चला, सुरू!"

रुमालवाले पाहुणे, बेनीच्या वर्गातली पोरं, फोटोवाला, एवढ्या गर्दीत कोण बघतंय? मी बघितलं. आमच्या नवातले मोझेस आजोबा नव्हते. कान्हे गावाला राहतात, स्टेशनपर्यंत येताना चार जणांशी गप्पा मारतात, चुकते गाडी. म्हंजे बेनीला धरून नऊ!

बोलावं तर वाचन बंद. न बोलावं तर... बेनी तोरासमोर उभा होता. मी ओढणी घट्ट धरली.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. मग तो खोकला. आणि गप्प. पूर्ण ब्लँक! पप्पांचा चेहरा पांढरा. बेनीनं मान वळवून बायकांच्या बाजूला बघितलं.

मी खोकले. आणि पुढचा शब्द मोठ्यानं म्हटला.

बेनीनं तो पकडला आणि सुटला ते थेट शेवटपर्यंत! काका मागं न बघता म्हणाला, "शाब्बास, बेनी!"

वाचून झालं की मुलावर गोड उधळतात, मऊ काहीतरी. पप्पा लोणावळेकर, त्यांनी वाटली चिक्की! एक तुकडा काकाच्या कपाळावर बसला. तेवढ्यात दारातून मोझेस आजोबा, धापा टाकत. "काय रे, माझ्याशिवाय सुरू नाही ना केलंत?"

बेनीच्या तोंडात चिक्की तशीच राहिली.

काकानं एका हातानं कपाळ चोळत डबा उचलला आणि टोप्या गोळा करायला लागला. आपापली टोपी एकेकानं टाकली. काकानं स्वतःची टाकली. बेनीची टाकली. मग डबा घेऊन तो बायकांच्या बाजूला आला आणि माझ्यासमोर थांबला.

मी ओढणी मागं सारली. टोपी काढून डब्यात टाकली.

काकानं डब्यात बघितलं. माझ्याकडं बघितलं. बेनीकडं बघितलं. मग झाकण लावलं, दोन्ही हातांनी, कट्ट!

"दहा," काका म्हणाला.

"अरे सॅमसन, पण मी तर आत्ता..." मोझेस आजोबा म्हणाले.

"दहा झाल्या म्हणालो ना! चला बसा जेवायला, समोसे गार होतायत!"